तोफ सगळेच बघतात, तोफेची बैठक कुणी बघतं का? (दौलताबाद, विजापूर, नळदुर्ग)

फांजीवरून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात होता. किल्ल्यांवरच्या तोफांचे फोटो इथे भरपूर येतात, तोफेवर हात ठेवून, तोफेशेजारी उभं राहून, तोफेच्या तोंडात डोकावून. पण तोफ ज्याच्यावर बसलीये तो चौथरा, मधलं खुंट्याचं भोक, मागची अर्धगोल भिंत, शेजारची दारूगोळा ठेवायची कोनाडेवजा खोली, याचा एकही फोटो येत नाही. माझं म्हणणं असं की किल्ला तोफांनी लढायचा म्हणजे नेमकं काय करायचा हे तोफेपेक्षा ही बैठकच जास्त सांगते. तोफ उचलून नेता येते, विकता येते, वितळवता येते. बैठक जागेवर राहते, आणि ती वाचता आली तर तोफ नसलेला बुरूजसुद्धा बोलतो.

दौलताबादपासून सुरू करतो कारण तिथे बहुतेक सगळे जाऊन आलेत. महाकोटाच्या (मधल्या मोठ्या कोटाच्या) पहिल्या दरवाज्यातून आत गेलं की चौकात चाकांच्या गाड्यांवर लहान तोफा ओळीने मांडल्यात. लोक तिथेच फोटो काढतात. पण त्या तोफा तिथल्या नाहीत, इकडून तिकडून गोळा करून मांडलेल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे बघून किल्ल्याबद्दल फारसं काही कळत नाही. तसंच वर जा, चिनी महालाच्या पुढे खंदकाच्या अलीकडे जो गोल बुरूज आहे त्यावर मेंढा तोफ आहे. औरंगजेबाचं नाव कोरलंय, तोफेचं नाव किल्ला शिकन, बनवणारा मुहम्मद हुसेन अरब, मागच्या टोकाला वळलेल्या शिंगांचं मेंढ्याचं तोंड. गाईड इथपर्यंत सगळं सांगतात. आता एकच करा, तोफेचं तोंड सोडून खाली वाकून बघा. तोफेच्या पोटाला दोन्ही बाजूंनी जाड दांडे आहेत (ट्रनियन), ते लोखंडी दुबेळक्यात बसलेत, आणि त्या दुबेळक्याचा खालचा खुंटा दगडात गेलाय. जात्याच्या खालच्या तळीत खुंटा असतो ना, त्याच कल्पनेवर. म्हणजे एवढं अजस्र धूड चाकांवर ढकलायचं नाही, मधल्या खुंट्यावर फिरवायचं, आणि दुबेळक्यात वरखाली झुलवायचं. माणसं मागच्या टोकाला लागली की तोंड हव्या त्या दिशेला.

ही फिरती बैठक दख्खनची खास चीज आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर ती आपल्याकडच्या भुईकोटांवर भराभर दिसायला लागते. ईटन आणि वॅगनर या दोन अभ्यासकांनी रायचूरपासून कल्याणीपर्यंतचे किल्ले पालथे घालून यावर काम केलंय, त्यांचं म्हणणं पोर्तुगीज जहाजांच्या कठड्यावर ज्या छोट्या फिरत्या तोफा असायच्या ती युक्ती इथल्या लोकांनी उचलली आणि भल्यामोठ्या तोफांना लावली. मला हे पटतं. कारण जहाजावर आणि बुरुजावर अडचण एकच, जागा कमी आणि शत्रू कुठूनही येणार.

आता विजापूर. इथली मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ ला अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हसन रूमी म्हणजे रूमीखान या तुर्की कारागिराने. वजन ५५ टन सांगतात, नळीचा व्यास २८ इंच. तोंडाशी जबडा उघडलेला सिंह आणि जबड्यात हत्ती. आधी निजामशाहीत, मग परांड्याच्या किल्ल्यावर, तिथून १६३२ ला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने विजापूरला आणली. हे सगळं पाटीवर असतं. पाटीवर नसतं ते असं: शेर्झा बुरुजावर तोफेच्या मागे जाडजूड वळणदार भिंत आहे ती कशासाठी? तर धक्क्यासाठी. तोफ उडाली की मागे येणार, खुंट्यावर सगळा भार पडला तर खुंटाच उखडेल, म्हणून तोफेचं बूड आणि ती भिंत यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे ठासून बसवायचे. भिंत वर्तुळाच्या पट्टीत आहे कारण तोफ कुठेही फिरवली तरी बूड आणि भिंत यातलं अंतर तेच राहिलं पाहिजे.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. खुंट्याच्या भोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं की तोफेच्या मागच्या अर्ध्या भागाची लांबी कळते. कठड्याची उंची मोजली की नळी जमिनीपासून किती वर होती ते कळतं. कठडा कुठे उतरता केलाय ते बघितलं की मारा कुठल्या बाजूला अपेक्षित होता ते कळतं. तोफ असो वा नसो.

तुमच्या भागातल्या किल्ल्यांवर अशा बैठका दिसल्या असतील तर इथे लिहा. फोटो असतील तर उत्तमच.

मुक्काम_पोस्ट

वा! अतिशय माहितीपूर्ण धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली). दौलताबादला शाळेची सहल घेऊन गेलेय, मेंढा तोफेपाशी मुलांना थांबवलं पण खाली वाकून बघा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

एक विचारते, नुसता रिकामा बुरूज असेल आणि वर सगळं गवत माजलेलं असेल तर तिथे तोफेची बैठक होती हे ओळखायचं कसं? म्हणजे पाण्याच्या टाक्याचं किंवा झेंड्याच्या काठीचं भोक आणि हे भोक यात फरक काय?

बोरीकाठ

नळदुर्गचा आहे त्यामुळं लिहितोय. आमच्याकडं सोलापूर-हैदराबाद हायवेवरनं येणारे लोक पाणीमहाल बघायला येतात, पावसाळ्यात बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरनं पडायला लागलं की नर-मादी धबधब्याला जत्रेसारखी गर्दी होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ ला बांधलाय तो, त्याचं कौतुक आहेच. पण उपली बुरुजावर चढणारे त्यातले निम्मे बी नसतात. तो बुरूज तटात नाही, किल्ल्याच्या आत सुटा उभा आहे, पायऱ्या अरुंद आणि दम काढणाऱ्या. वर दोन लांब तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. पोरं पळत वर जातात, तोफेवर बसून फोटो काढतात आणि खाली येतात.

लहानपणापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता की शत्रू तटाबाहेर आणि हा बुरूज एवढा आत, मग तोफ आपल्याच तटावर पडणार नाही का. आमचे आजोबा सांगायचे की टेहळणीसाठी आहे. पण टेहळणीला एवढ्या जड तोफा कशाला वर चढवतील?

दुसरं, नवबुरूज. नऊ पाकळ्यांचा बुरूज आहे, एका बुरुजाला नऊ गोल पोटं. तो कशासाठी तसा केला असंल यावर फांजीवरून यांनी लिहावं.

फांजीवरून

@मुक्काम_पोस्ट ताई, एकेक खूण वेगळी काढून बघू नका, चार खुणा एकत्र बघा. बुरुजाच्या मधोमध किंवा मध्याच्या जवळ दगडी गोल जोतं, त्यात वरून सरळ खाली गेलेलं भोक, बऱ्याचदा भोकाचा काठ लोखंडाने घासून गुळगुळीत झालेला किंवा गंजाने तांबूस झालेला. मागे वळणदार भिंत. शेजारी बुटकी खोली किंवा कोनाडे, जिथे त्या दिवसापुरती दारू आणि गोळे ठेवायचे. आणि कठडा माणसाच्या छातीइतका उंच नसून बुटका, चर्या (वरचे दातेरी दगड) नसलेला, कारण नळी त्याच्यावरून सगळीकडे फिरली पाहिजे. झेंड्याच्या काठीच्या भोकाभोवती यातलं काही नसतं.

@बोरीकाठ दादा, तुमचा प्रश्न एकदम मुळावरचा आहे. विजापूरला पण उपली बुरूज आहे, हैदरखानाने १५८३-८४ च्या सुमारास बांधलेला, ८० फुटांच्या आसपास उंच, तोही तटाच्या आतच सुटा उभा. बाहेरून गोल फिरत वर जाणाऱ्या पायऱ्या. वर लमछडी नावाची तोफ, ३० फुटांहून लांब. आता हिशोब बघा. तटावरच्या बुरुजाची रुंदी मर्यादित, आणि ३० फुटी तोफ गोल फिरवायची म्हणजे केवढं अंगण लागेल. शिवाय ती तटावर ठेवली तर शत्रूच्या तोफांना पहिलं लक्ष्य तीच. आत उंचावर ठेवली की आपल्या तटाच्या डोक्यावरून बाहेर मारा करता येतो, आणि शत्रूला पुढचा तट पाडल्याशिवाय या बुरुजाच्या पायाला हात लावता येत नाही. म्हणून उंची. आपल्या तटावर गोळा पडत नाही ते याच उंचीमुळे.

लमछडीची घडण पण जवळून बघण्यासारखी आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या जुळवून नळी केलीये आणि त्यावर तापवलेली लोखंडी कडी एकाला लागून एक चढवलीत, गार झाली की आवळून बसतात. तोफेच्या अंगावर हात फिरवला तर कड्यांच्या सांध्यांच्या रेघा बोटाला लागतात. मलिक-ए-मैदान मिश्रधातूची ओतीव, ही घडीव. एकाच गावात दोन्ही पद्धती बघायला मिळतात.

नवबुरुजाबद्दल माझं मत सांगतो. सरळ गोल बुरुजावर तोफा मांडल्या तर पायथ्याशी चिकटलेला शत्रू दिसत नाही. पाकळ्या केल्या की एका पाकळीवरून शेजारच्या पाकळीच्या कुशीत मारा करता येतो. शिवाय तोंडं जास्त, म्हणजे तोफांच्या जागा जास्त. ते देखणं दिसावं हाही हेतू असणार, आदिलशाही बांधकाम आहे, दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात त्यांच्याकडे.

रविवारची_मोहीम

धागा वाचला. विषय चांगला आहे पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आम्ही दुर्गसंवर्धनाचं काम करतो. दरीत पडलेल्या, मातीत अर्ध्या गाडलेल्या तोफा दोर लावून वर आणतो, वर्गणी काढून सागवानी गाडे करतो आणि त्यावर तोफ बसवतो. मध्यंतरी एका ठिकाणी असाच एक अभ्यासक आला आणि म्हणाला हा गाडा चुकीचा, तोफ हलवायलाच नको होती. अहो, हलवली नसती तर ती भंगारात गेली असती. किल्ल्यांवरून तोफा चोरीला गेल्यात हे इथल्या सगळ्यांना माहिती आहे. पोरं घाम गाळतात आणि घरी बसलेले लोक चुका काढतात, याचं वाईट वाटतं.

तोफ गाड्यावर चढली की गावातली माणसं तिच्याकडे मानाने बघायला लागतात, हार घालतात, लहान पोरं विचारतात ही कुणाची. हे पण संवर्धनच आहे की.

फांजीवरून

दादा, तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. दरीतली तोफ वर आणणं हे काम तुमच्यासारखी माणसंच करतात आणि त्यासाठी अंगात रग लागते. माझं म्हणणं वेगळं आहे.

तोफ जिथे पडलेली मिळाली ती जागा हीसुद्धा माहिती आहे. बुरुजाच्या खाली सरळ रेषेत पडली असेल तर ती त्याच बुरुजाची असण्याची शक्यता मोठी, कुणीतरी वरून ढकलून दिलेली. १८१८ नंतर इंग्रजांनी किती किल्ल्यांवर तट पाडले, वाटा तोडल्या, तोफा निकामी केल्या. बत्ती द्यायच्या भोकात खिळा ठोकलेला असतो, पोटाचे दांडे घण घालून तोडलेले असतात, हे सगळं त्या पडलेल्या तोफेवर लिहिलेलं असतं. तुम्ही ती उचलून पायथ्याच्या दरवाज्यात आणली तरी चालेल, फक्त उचलायच्या आधी चार दिशांनी फोटो, मोबाईलवर लोकेशन, आणि जवळच्या बुरुजाचं माप एवढं करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि गाड्याबद्दल. चाकांचा गाडा हा मैदानी तोफेचा. बुरुजावरच्या फिरत्या तोफेला चाकं लावली की पुढची पिढी समजणार की ही तोफ ढकलत नेऊन वापरायचे. एका किल्ल्यावर मी स्वतः बघितलंय, नाव घेत नाही, बुरुजावर गाडा ठेवायचा म्हणून सिमेंटचा सपाट ओटा केला आणि खुंट्याचं भोक त्याच्या खाली कायमचं बुजलं. तोफ वाचली पण बैठक गेली. ज्यांनी केलं त्यांचा हेतू चांगलाच होता म्हणून जास्त लागतं. शिवाय संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय असं बांधकाम करता येत नाही, १९५८ चा केंद्राचा कायदा आहे आणि १९६० चा राज्याचा, उद्या तक्रार झाली तर त्रास तुमच्या पोरांनाच होणार.

रविवारची_मोहीम

हे मान्य, फोटो आणि लोकेशनचं आम्ही करू शकतो, आमच्यात दोघं तिघं सिव्हिलवाले आहेत ते मापं व्यवस्थित घेतील. पण सिमेंटला पर्याय सांगा. तोफ नुसती मातीवर ठेवली तर खालून गंजते.

ओतशाळा

मी धातूच्या कामातला आहे, त्यामुळे एवढ्यापुरतं लिहितो. घडीव लोखंडाची तोफ आणि ओतीव पंचधातूची किंवा काशाची तोफ यांना एकच उपाय लावू नका. काशाच्या तोफेवर जो हिरवट काळपट थर येतो तोच तिचं रक्षण करतो, तो लिंबू चिंच लावून घासून चकचकीत करू नका, त्यात कोरीव अक्षरं झिजतात. लोखंडी तोफेला ऑइलपेंट फासू नका, रंगाच्या आत पाणी अडकतं आणि गंज आतल्या आत पोखरतो, वरून काळी कुळकुळीत दिसते आणि एक दिवस पापुद्रा हातात येतो. समुद्रकाठच्या किल्ल्यांवर तर मीठ लोखंडात मुरलेलं असतं, तिथे तज्ञाशिवाय काही करूच नका.

साधं काय करता येईल तर तोफ जमिनीपासून उचलून दोन दगडी किंवा लाकडी टेकूंवर ठेवा, जमिनीत काही न रोवता, उद्या काढता येतील असे. तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा म्हणजे नळीत पाणी साचत नाही. नळीतला कचरा काढा, लोक प्लॅस्टिकच्या बाटल्या कोंबतात. सिमेंट लागत नाही याला.

मुक्काम_पोस्ट

@ओतशाळा, खूप उपयोगी. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा असा आहे.

वसई_पापडी

आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहिते. वसईच्या बाहेरच्या तटाला गोल बुरूज शोधाल तर हाती काही लागणार नाही. पोर्तुगीजांचे बुरूज टोकदार, बाणाच्या पात्यासारखे बाहेर आलेले, आणि प्रत्येकाला नाव, सान सेबॅस्तियन, रेमेदियुस, रेइस मागुस, सान पेद्रो, एलेफांते. इथे एक तोफ गोल फिरवायची अशी कल्पनाच नाही. एका बुरुजाच्या बगलेत बसवलेली तोफ शेजारच्या बुरुजाच्या अंगाला समांतर मारा करते, त्यामुळे भिंतीला चिकटलेला माणूस दोन्ही बाजूंनी सापडतो. प्रत्येक तोफेचं काम ठरलेलं. बगलेतल्या त्या जागा अजून दिसतात, झाडांच्या मुळांनी दगड उचललेत पण आकार कळतो.

म्हणूनच चिमाजी अप्पांच्या फौजेला १७३९ ला महिनोनमहिने लागले. नुसत्या तोफांनी हा तट पडण्यातला नव्हता. शेवटी उत्तरेच्या बाजूने मोर्चे पुढे सरकवत सान सेबॅस्तियन बुरुजाखाली सुरुंग भरले, बुरूज उडाला आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. त्या बाजूला गेलं की मी नेहमी थांबते. वेढ्यात दोन्हीकडची किती माणसं गेली, आणि आज तिथे प्रीवेडिंगवाले कॅमेरे घेऊन उभे असतात, त्यांना कुणी सांगतच नाही की कुठे उभे आहात.

कोर्लईला पण जा. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावर लांबट डोंगराच्या कण्यावर किल्ला आहे, पोर्तुगीजांनी १५९४ ला निजामशाहीकडून घेतला. आडव्या भिंती घालून किल्ल्याचे तुकडे पाडलेत, एक भाग पडला तरी दुसरा लढत राहील असे. तोफा अजून जागोजागी पडल्यात. वरून खाडीचं तोंड बघितलं की या तोफा नेमक्या कुठल्या वाटेवर रोखल्या होत्या ते कुणी सांगावं लागत नाही.

कडेलोट_नाही

सगळं वाचतोय, मस्त चाललंय. माझी शंका अशी की मग महाराजांच्या किल्ल्यांवर असले चौथरे, खुंटे, धक्क्याच्या भिंती का दिसत नाहीत? राजगड, तोरणा, रायगड सगळीकडे फिरलोय. तोफा आहेत पण लहान. मराठे तोफखान्यात मागे होते असं जे म्हणतात ते खरं मानायचं का?

फांजीवरून

मागे होते असं एका वाक्यात म्हणून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. भुईकोटाला तोफच तारते, कारण आजूबाजूला सपाट रान, शत्रू कुठूनही मोर्चे लावू शकतो. म्हणून परांडा, नळदुर्ग, औसा अशा ठिकाणी तोफेभोवती अख्खा किल्ला बांधलाय. सह्याद्रीत कडाच तट. शत्रूला जड तोफ डोंगरावर चढवता येत नाही हेच मोठं संरक्षण. तिथे वाटेवर रोखलेल्या लहान तोफा, जंबुरे (हलक्या फिरत्या तोफा), बंदुका आणि वरून सोडलेले धोंडे पुरतात. आणि जिथे तोफेचा धोका होता तिथे बांधकामात उत्तर दिलंय. राजगडची संजीवनी माची बघा, तटाच्या बाहेर दुसरा तट, बुरुजाला बाहेरून चिलखती बुरूज. बाहेरचा ढासळला तरी आतला शाबूत.

कच्चा दुवा कुठे होता तर जवळच्या उंचवट्यात. १६६५ ला मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरासमोरच्या वज्रगडावर मारा करायला तीन तोफा डोंगर चढवून नेल्या. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हहेली अशी त्यांची नावं जयसिंगांच्या पत्रव्यवहारात आहेत. वर चढवायलाच दिवस गेले. १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि तिथून पुरंदरची माची माऱ्यात आली. आणि त्याच्या पाच वर्षं आधी पन्हाळ्याला सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी तोफ आणि दारूगोळा पुरवला होता, त्याचा हिशोब महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटून चुकता केला. म्हणजे लांब पल्ल्याच्या तोफेचं मोल त्यांना नेमकं माहिती होतं.

दगडूशेटचा_वाडा

पुरंदरवरून आठवलं, दौलताबादच्या माथ्यावर तोफ कशी चढवली याची हकीकत टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलीये. मोगलांच्या नोकरीत एक डच गोलंदाज होता, बरीच वर्षं मायदेशी जायची परवानगी मागत होता. त्याला सांगितलं की त्या उंच डोंगरावर तोफ चढवून दाखव मग जा. त्याने यंत्र जुळवून तोफ वर नेली आणि सुट्टी मिळवली. दौलताबादचा तो शेवटचा चढ नुसत्या हाताने चढताना काय होतं ते आठवा आणि मग वरची तोफ बघा.

पण १६३३ च्या वेढ्याचं कुणीच लिहिलं नाही. मोगल सरदार महाबतखानाने निजामशाहीकडून दौलताबाद घेतलं ते बाहेरच्या कोटापासून एकेक थर सोलत. अंबरकोट सुरुंगाने फोडला, मग महाकोट, मग आतला काळाकोट. वेढा उठवायला विजापूरकडून आलेला रणदुल्लाखान, मुरार जगदेव, शहाजीराजे बाहेरून झटत होते. शेवटी मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान जूनमध्ये शरण आला, आत खायला काही उरलं नव्हतं. म्हणजे ज्या मुरार जगदेवाने वर्षभर आधी मलिक-ए-मैदान परांड्याहून नेली तोच माणूस इथे. तोफांचा आणि माणसांचा हा प्रवास एकत्र मांडायला हवा कुणीतरी.

फांजीवरून

@दगडूशेटचा_वाडा अगदी. आणि म्हणूनच मेंढा तोफेवर औरंगजेबाचं नाव असणं महत्त्वाचं. १६३३ ला किल्ला कसा पडला हे मोगलांना पक्कं ठाऊक होतं, घेतल्यावर त्यांनी बाहेरचे कोट ओलांडून आलेल्या शत्रूसाठी खंदकाच्या तोंडावर ही तोफ ठेवली. त्या बुरुजावर उभं राहून मागे बघा, महाकोटाचा सगळा उतार पायाखाली दिसतो.

मलिक-ए-मैदानची आणखी एक गोष्ट. तालिकोटच्या लढाईत १५६५ ला रूमीखानाच्या तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून उडवल्या असं त्या काळचा इतिहासकार फरिश्ता लिहितो. आणि १८५४ मध्ये जुनं सामान विकून टाका असा हुकूम निघाला तेव्हा याच तोफेचा लिलाव पुकारला होता. बोली किती आली, १५० रुपये. स्थानिक अधिकाऱ्याला ते पटेना, लोकांच्या मनात तिला काय मान आहे हे त्याने वर कळवलं आणि विक्री रद्द झाली. तिच्यापेक्षा लहान किती तोफा अशा लिलावात गेल्या असतील. त्यांच्या बैठका मात्र बुरुजांवर आहेत अजून.

बोरीकाठ

१५० रुपये वाचून अंगावर काटा आला. रविवारी सकाळी गर्दीच्या आधी उपली बुरुजावर टेप घेऊन जातो, भाचा इंजिनिअरिंगला आहे त्याला बी नेतो. नेमकं काय काय मोजायचं ते सांगून ठेवा, परत परत चढायला नको.

फांजीवरून

दादा, आधी काही न हलवता, न झाडता फोटो. मग तोफेची लांबी तोंडापासून बुडाच्या कड्यापर्यंत, बुडामागचं बोंड वेगळं. नळीचा आतला व्यास तोंडाशी, आडवा आणि उभा दोन्ही, कारण घडीव नळी क्वचितच बरोबर गोल असते. पोटाच्या दांड्यांची जाडी, आणि ते बुडापासून किती अंतरावर आहेत. जोत्याचा व्यास, उंची, भोक दिसत असेल तर त्याचा व्यास आणि खोली, आत काठी घालून बघा, हात घालू नका, साप असतात. भोकापासून कठड्यापर्यंतचं अंतर चार दिशांना. मागे भिंत किंवा भिंतीचा पाया दिसला तर तिथपर्यंतचं अंतर. कठड्याची उंची आणि रुंदी. शेवटी मोबाईलच्या होकायंत्राने तोफेचं तोंड आत्ता कुठल्या दिशेला आहे ते, पण रीडिंग तोफेपासून लांब उभं राहून घ्या, एवढं लोखंड जवळ असलं की सुई भलतीकडे जाते.

भाच्याला सांगा, तोफेभोवती फिरत एकमेकांवर चढणारे फोटो घेतले तर त्यावरून थ्रीडी मॉडेल करता येतं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ढगाळ सकाळ असेल तर जास्त चांगलं, सावल्या पडत नाहीत.

रविवारची_मोहीम

हीच यादी आम्ही छापून ग्रुपवर टाकतोय. पुढच्या मोहिमेला आधी मापं, मग दोर. @बोरीकाठ दादा, नळदुर्गला माणसं कमी पडत असतील तर सांगा, सोलापूरचे आमचे चौघं येतील.

बोरीकाठ

या की. चहा आमच्या घरी, किल्ल्याच्या दरवाज्यापासनं जवळच आहे. येताना लांब टेप आणा, माझ्याकडचा पाच मीटरचाच आहे, मगर तोफेला पुरायचा नाही.